तीनदा उसवलेल्या पाठीबद्दल

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. वर्षभरापूर्वी व्हिडिओ बघून विणायला शिकलात, एक मफलर आणि दोन टोप्या चांगल्या झाल्या, मग स्वेटर घेतलात आणि त्याची नुसती पाठच तीनदा उसवली. पहिल्यांदा माप फार मोठं निघालं. दुसऱ्यांदा वीस ओळी खाली एक टाका निसटलेला दिसला. तिसऱ्यांदा ११० टाक्यांचे ११३ कसे झाले ते कळेना. आता चौथ्यांदा खालची पट्टी विणून झालीय, पण पुढे जायला हात धजत नाही. पिशवीत आणखी तीन कामं अर्धवट आहेत. संध्याकाळी सुया हातात घेतल्या की बरं वाटतं आणि चूक दिसली की रडू येतं, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी विचारलंय, ‘माझ्यात चिकाटी नाही का, की सगळ्यांचं असंच होतं?’

मी ३५ वर्षं विणतेय, त्यातली निम्मी वर्षं शिकवतेय. जी बाई तीच पाठ चौथ्यांदा घालायला बसते तिच्या चिकाटीबद्दल मला काही शंका नाही. चुकांचं म्हणाल तर त्या माझ्याही हातून होतात, प्रत्येक स्वेटरात होतात. फरक एवढाच की माझी चूक मला त्याच ओळीत, फार तर पुढच्या ओळीत दिसते. तुमची तुम्हाला वीस ओळींनंतर दिसते. चूक तीच, पण मला ती अर्ध्या मिनिटाला पडते आणि तुम्हाला तीन संध्याकाळींना. म्हणून माझ्या मते तुमचा खरा प्रश्न हा आहे की तुम्ही टाके मोजता, पण अजून वाचत नाही. व्हिडिओ बघून शिकलेल्या जवळजवळ प्रत्येकीचं हे होतं, कारण व्हिडिओत हातांची हालचाल दिसते. सुईखाली तयार झालेल्या कापडाकडे बघायला कुणी सांगत नाही.

काही गोष्टी मात्र तुमचं काम हातात घेतल्याशिवाय सांगता येत नाहीत. लोकर कोणती आहे, गुळगुळीत की केसाळ, गडद की फिकी, यावर बरंच ठरतं. काळ्या किंवा गडद निळ्या लोकरीत टाके वाचणं मलाही दिव्याखाली जड जातं, ते काम मी दिवसा उजेडीच करते. तुम्ही दोरा उजव्या हातात धरता की डाव्या, तुमचा हात घट्ट आहे की सैल, हेही मला माहीत नाही. तेव्हा पुढचं वाचताना तुमच्या कामाशी जे जुळेल ते घ्या.

आधी वाचायचं म्हणजे काय ते सांगते, कारण बाकी सगळं त्यावर उभं आहे. एक ओळ सुलट, एक ओळ उलट विणलेलं तुमचं काम सुलट बाजूनं समोर धरा आणि सुईच्या लगेच खाली बघा. प्रत्येक टाक्याखाली गव्हाच्या लोंबीसारखी एक उभी रांग खाली गेलेली दिसेल, दाणे दोन्ही बाजूंनी तिरके बसलेले असतात तशी. तो सुलट टाका. मागच्या बाजूनं बघितलंत तर तिथे आडवा मणी दिसेल. तो उलट टाका. आता सुईवरच्या एका टाक्याकडे बघा. तो सुईवर घोड्यावर बसल्यासारखा बसलेला असतो, एक पाय सुईच्या पुढे आणि एक मागे. आपल्याकडच्या नेहमीच्या पद्धतीत उजवा पाय पुढे असतो. डावा पाय पुढे दिसला तर तो टाका उलटा बसलाय, आणि त्यात नेहमीसारखी सुई घातलीत तर तो पिळला जाईल. पिळलेला टाका खाली लगेच ओळखू येतो. लोंबीचे दोन दाणे तळाशी वेगळे न राहता एकमेकांवरून गेलेले दिसतात.

हे लांबण लावून सांगतेय, कारण ज्या विद्यार्थिनी ‘माझं विणकाम घट्ट आणि कडक का होतं’ म्हणून येतात, त्यांच्यातल्या बऱ्याच जणींच्या उलट ओळीत दोरा सुईवरून चुकीच्या दिशेनं गुंडाळला जात असतो. मग पुढच्या सुलट ओळीतला टाका न् टाका पिळला जातो. कुणीतरी वर्षानुवर्षं हात सैल सोडायचा प्रयत्न करत असते आणि दोष हाताच्या जोरात नसतोच, दोऱ्याच्या दिशेत असतो. तुमच्या टोप्या काढून त्यांच्याकडे एकदा या नजरेनं बघा.

आता तुमच्या तीन पाठी. प्रत्येकीचा दोष वेगळा आहे आणि उपायही वेगळा आहे.

पहिली मोठी झाली. तुम्ही लिहिलंय की नमुन्यात १० सेंटिमीटरला २२ टाके सांगितले होते, तुम्ही छोटा तुकडा विणून बघितलात आणि ‘साधारण तेवढेच’ आले. इथेच गोम आहे. २२ च्या जागी २० आले तर फरक दोन टाक्यांचा वाटतो. पण २२ च्या हिशोबानं ११० टाक्यांची पाठ ५० सेंटिमीटर होते आणि २० च्या हिशोबानं ५५. पुढचा भाग धरला की अख्खा घेर १०० च्या जागी ११०. एक माप वरचा स्वेटर झाला की हा! आणि छोट्या तुकड्यात हे कळत नाही, कारण कडेचे टाके नेहमी वेडेवाकडे असतात. तुकडा चांगला १५ सेंटिमीटर रुंद विणा. मग स्वेटर धुणार आहात तसाच तो धुवा, आडवा पसरून वाळवा, आणि मधलेच १० सेंटिमीटर मोजा. धुतल्यावर लोकर फुलते, टाके बसतात, काही लोकरी चक्क लांबतात. माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी वडिलांसाठी विणलेला स्वेटर पहिल्या धुण्यानंतर मांडीपर्यंत आला होता. तुकडा मी मोजला होता, पण न धुता. वडिलांनी तो तसाच दोन हिवाळे घातला. मला मात्र तो दिसला की पोटात गलबलायचं.

सुयांचा नंबरही तपासा. ब्रिटिश पद्धतीत ८ नंबरची सुई ४ मिलिमीटरची असते आणि नंबर वाढला की सुई बारीक होते. अमेरिकन पद्धतीत ८ नंबर म्हणजे ५ मिलिमीटर, आणि नंबर वाढला की सुई जाड होते. नमुना एका पद्धतीचा आणि सुया दुसऱ्या पद्धतीच्या असल्या की माप बिघडणारच. नंबर विसरा, मिलिमीटर बघा. आणि २० टाके येत असतील तर हात घट्ट करायला जाऊ नका, तो तासाभरात पुन्हा सैल होतो. एक सुई बारीक घ्या.

दुसरी पाठ. वीस ओळी खाली निसटलेला टाका. यात दोन वेगळ्या घटना असतात आणि तुमची कोणती होती ते तुमच्या वर्णनावरून कळत नाही. एक म्हणजे टाका आत्ता सुईवरून पडला आणि शिडीसारख्या आडव्या पायऱ्या सोडत वीस ओळी खाली उतरला. हे दिसायला भयंकर आणि दुरुस्तीला सर्वांत सोपं. क्रोशाची सुई घ्या, सुलट बाजूनं त्या खालच्या मोकळ्या टाक्यात घाला, त्याच्या मागची सगळ्यात खालची पायरी आकड्यात धरा आणि टाक्यातून पुढे ओढा. नवा टाका झाला. मग त्याच्या वरची पायरी, मग तिच्या वरची. वीस पायऱ्यांना दोन मिनिटंही लागत नाहीत. एकच पथ्य, पायरी सुटू द्यायची नाही आणि दोन एकदम धरायच्या नाहीत. वर पोचलात की टाका सुईवर ठेवा, उजवा पाय पुढे.

दुसरी घटना म्हणजे टाका वीस ओळींपूर्वीच पडला होता, तुम्ही पुढच्या वीस ओळी एक टाका कमी घेऊन विणल्यात आणि तो तिथेच एकटा राहिला. आता त्याच्या वर पायऱ्याच नाहीत. शेजारच्या टाक्यांमधली जेमतेम लोकर ओढून तो वर आणलात तर तिथे सुरकुती पडते. दोनतीन ओळींचं अंतर असेल तर खपून जातं, वीसचं नाही. अशा वेळी मी त्या टाक्यात त्याच लोकरीचा छोटा तुकडा ओवून मागच्या बाजूला पक्का बांधते, म्हणजे तो आणखी खाली उतरत नाही, आणि वरच्या ओळीत एक टाका वाढवून मोजणी पुरी करते. पाठीवर, एका टाक्याची गोष्ट असेल तर शेजारी बसलेल्यालाही दिसत नाही. छातीवर मधोमध असेल तर मी उसवते.

तिसरी, ११० चे ११३. टाके आपोआप वाढत नाहीत, आणि नवशिक्यांच्या हातून ते बहुतेक तीनच वाटांनी वाढतात. सुलट आणि उलट टाक्यांची पट्टी विणताना दोरा पुढेमागे करायचा राहिला की तो सुईवरून आडवा जातो, पुढच्या ओळीत तो टाका समजून विणला जातो आणि खाली छोटं भोक पडतं. दुसरी वाट कडेची. ओळ सुरू करताना दोरा वर ओढून सुईवरून मागे टाकला तर पहिल्या टाक्याचे दोन्ही पाय वर येतात आणि एका टाक्याचे दोन दिसतात. आपण दोन्ही विणतो. अशानं काम दर थोड्या ओळींनी कडेला रुंदावत जातं. ओळीच्या सुरुवातीला दोरा सुईच्या खालूनच मागे न्यायचा, एवढी सवय लावली की हे कायमचं संपतं. तिसरी वाट सैल पिळाच्या लोकरीत, सुईचं टोक दोऱ्याच्या मधून जातं, दोरा दुभंगतो आणि अर्ध्या अर्ध्याचे दोन टाके होतात. तुमच्या तिन्ही जादा टाक्यांजवळ भोक होतं की ते कडेला होते, हे आठवलं तर कारण तुमचं तुम्हालाच कळेल.

हे पकडायला मी सोपी युक्ती करते. दर २० टाक्यांनंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचं छोटं कडं अडकवायचं. ११० टाक्यांत २०-२० चे पाच गट आणि शेवटी १०. प्रत्येक ओळीत कडं या सुईवरून त्या सुईवर सरकवायचं. मग ११० कधी मोजावेच लागत नाहीत, आणि एखाद्या गटात २१ झाले तर चूक कुठे शोधायची तेही कळलेलं असतं.

आता मी कशी शिकले ते सांगते, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होईल असं मला वाटतं. मी चौदा वर्षांची असताना शेजारच्या काकूंकडे शिकायला जात होते. तीस टाक्यांचा तुकडा मी मोठ्या अभिमानानं हातभर विणला होता. काकूंनी तो बघितला, ‘छान’ म्हणाल्या, आणि मधल्या एका टाक्यातून सुई काढून घेऊन तो दोन्ही हातांनी ताणला. टाका सरसर खाली उतरला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काकूंनी क्रोशाची सुई माझ्या हातात दिली आणि म्हणाल्या, ‘आता चढव.’ मी चढवला. त्यांनी दुसरा पाडला. त्या दुपारी मी दहाबारा टाके चढवले असतील. घरी जाताना माझ्या लक्षात आलं की मला आता या लोकरीची भीती वाटत नाही.

तुम्ही हेच करा. स्वेटर बाजूला ठेवा. फिक्या रंगाची, जराशी जाडसर लोकर घ्या, तीस टाके घाला आणि तीसेक ओळी विणा. मग स्वतःच्या हातानं एक टाका पाडा. दहा ओळी खाली जाऊ द्या, चढवा. उलट बाजूनं पाडा, काम फिरवून चढवा. मग मुद्दाम एक टाका पिळा आणि चार ओळींनंतर तो शोधा. मुद्दाम दोरा आडवा घ्या आणि भोक कसं दिसतं ते बघून ठेवा. दोन संध्याकाळी यात घाला. मी नव्या विद्यार्थिनींना तिसऱ्याच दिवशी हे करायला लावते. काहींना आधी राग येतो. पण त्यानंतर त्यांच्या खांद्यांतला ताण उतरलेला मला समोरून दिसतो.

पुढे किती मजल जाते याचं एक उदाहरण. भावासाठी विणलेल्या स्वेटरच्या पुढच्या भागावर सहा टाक्यांची वेणी होती, दर आठ ओळींनी एक पीळ. काम हातात धरून बघितलं तर ३२ ओळी खाली एक पीळ उजवीकडे जायच्या ऐवजी डावीकडे गेलेला. एकदा दिसल्यावर दुसरं काही दिसेना. सगळं उसवायचं तर तीन संध्याकाळी गेल्या असत्या. मी फक्त ते सहा टाके सुईवरून काढले, ३२ ओळी खाली सोडले, आणि समोर लोकरीच्या ३२ पायऱ्यांची शिडी लोंबत राहिली. बाकीचं काम दोन्ही बाजूंना शांत होतं. मग दोन आखूड सुया घेऊन एकेक पायरी दोरा म्हणून वापरत तेवढीच वेणी पुन्हा विणली. दीड तास लागला. झाल्यावर ती जागा जरा ढिली दिसत होती, धुतल्यावर तीही बसली. त्या दीड तासाचा आनंद मला अख्खा स्वेटर पुरा झाल्याच्या आनंदाएवढाच आठवतो.

तरी प्रत्येक चूक दुरुस्त करावी असं माझं मत नाही. मापाची चूक असेल तर उसवा, त्याला पर्याय नाही. आखूड स्वेटर कुणी घालत नाही. टाका सुटण्याची शक्यता असेल तर दुरुस्त करा. एखादा सुलटच्या जागी उलट गेलेला टाका असेल तर काम पलंगावर पसरा, चार पावलं मागे जा आणि बघा. शोधावा लागला तर राहू द्या. आणि रात्री उशिरा काही उसवू नका. थकलेल्या डोळ्यांना चूक दुप्पट दिसते, आणि घाईनं उसवताना आणखी दोन टाके निसटतात. मी काम गुंडाळून ठेवते आणि सकाळी ठरवते. निम्म्या वेळा सकाळी ते उसवण्यासारखं वाटत नाही.

उसवणं म्हणजे वेळ वाया गेला, हेही मला पटत नाही. जरा हिशोब करू. तुमची पुरी पाठ ११० टाके आणि साधारण १५० ओळी धरली तर १६,५०० टाके होतात. पुढचा भाग तेवढाच, आणि दोन्ही बाह्या मिळून जवळपास तितक्याच. म्हणजे एका स्वेटरात पन्नास हजारांच्या आसपास टाके. मिनिटाला २५ टाके पडले तरी नुसतं विणायला तेहतीस तास. तुम्ही तिन्ही वेळा निम्म्यापर्यंत पोचला असाल तर तुमच्या हाताखालून २५,००० टाके आधीच गेलेत. पहिल्या पाठीचा फोटो असेल तर आताच्या पट्टीशेजारी ठेवून बघा, टाके एकसारखे झालेले दिसतील. विल्यम ली यांनी इंग्लंडमध्ये मोजे विणायचं यंत्र १५८९ साली केलं. यंत्र हातापेक्षा भराभर विणू लागून चारशेहून जास्त वर्षं झाली. आपण सुया हातात घेतो ते लवकर व्हावं म्हणून घेत नाही. ते तेहतीस तास आपल्याला हवे असतात.

या तासांत जे मिळतं ते तुम्ही एका वाक्यात लिहिलंय, ‘सुया हातात घेतल्या की बरं वाटतं.’ ते हलकं समजू नका. साध्या सुलट ओळी विणताना एक वेळ येते की बोटं आपली आपण चालतात, डोकं मोकळं होतं, आणि दिवसभर अडकलेला विचार हळूच सुटतो. वाट बघत बसण्याचे तास विणणाऱ्याला जड जात नाहीत. आईच्या आजारपणात रुग्णालयाच्या बाकड्यावर मी एक साधी शाल विणली. त्या दिवसांचं दुसरं फारसं काही आठवत नाही, पण शालीच्या कुठल्या पट्ट्यात कुठला दिवस आहे ते मी आजही दाखवू शकते. म्हणून माझ्याकडे नेहमी दोन कामं सुरू असतात. एक डोकं लागणारं, दिवसाच्या उजेडातलं, आणि एक अगदी साधं, थकलेल्या संध्याकाळसाठी. तुमची चिडचिड थोडी यामुळेही असेल की थकल्या वेळी तुम्ही अवघड काम हातात घेता.

पिशवीतल्या तीन कामांचं सोपं आहे. एकेक बाहेर काढा आणि थांबलात का ते आठवा. चुकीपाशी अडला होतात तर आता ती सुटेल. लोकरच टोचत असेल किंवा नमुना आवडेनासा झाला असेल तर उसवून टाका, लोकर मोकळी करा. उसवलेली लोकर नागमोडी राहते, तिचा थेट गुंडा करू नका. खुर्चीच्या पाठीभोवती गुंडाळून लडी करा, चार ठिकाणी सैल बांधा, कोमट पाण्यात भिजवा आणि टांगून वाळवा. नागमोड बरीचशी निघून जाते. तशीच विणलीत तर टाके एकसारखे येत नाहीत आणि दोष तुम्ही हाताला द्याल.

छोट्या छोट्या वैतागांबद्दल फार लिहीत नाही. लोकर घेताना रंगाच्या लॉटचा नंबर सगळ्या गुंड्यांवर एकच आहे ना ते बघा आणि एक गुंडा जास्त घ्या. वेगळ्या लॉटचा रंग दिव्याखाली सारखा दिसतो आणि उन्हात पट्टा पडतो. दोऱ्यांची टोकं शेवटी ओवायला ठेवू नका, दर संध्याकाळी दोनतीन ओवा. अंगठा किंवा मनगट दुखायला लागलं की त्या दिवशी थांबा. अर्ध्या तासानं उठून हात झटकायचा नियम मी फार उशिरा केला, तो आधी करायला हवा होता. आणि शुद्ध लोकरीचं कुणाला भेट दिलंत तर धुण्याची चिठ्ठी बरोबर द्या. गरम पाणी, साबण आणि घुसळणं एकत्र आलं की लोकरीच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटून जाड होतं आणि परत सैल होत नाही. माझ्या हातचा एक स्वेटर असा बाहुलीच्या मापाचा होऊन परत आला. आणणारी मुलगी माझ्यापेक्षा जास्त रडत होती.

आता चौथ्या पाठीचं. पट्टी झालीय ना, तर पुढची एक साधी ओळ विणा आणि काम टेबलावर ठेवा. मोठ्या नेढ्याची बोथट सुई घ्या, तिच्यात वेगळ्या रंगाचा बारीक, गुळगुळीत दोरा ओवा आणि सुईवरच्या ११० च्या ११० टाक्यांतून तो सरळ पार न्या, कड्यांमधून न जाता. दोन्ही टोकं वीतभर लोंबू द्या. हा दोरा कापडात तसाच राहतो आणि तुम्ही पुढे विणत जाता. वर काहीही बिघडलं आणि उसवावं लागलं तर काम या दोऱ्यापाशी थांबतं, सगळे टाके त्याच्यावर तयार बसलेले असतात, सुई घालायची आणि पुन्हा निघायचं. दर वीस ओळींनी असा एक दोरा घाला, खालचा काढून वर वापरलात तरी चालेल. मग सगळ्यात वाईट दिवशीही तुमच्या फार तर वीस ओळी जातील. आणि प्रत्येक सुलट ओळ संपली की पुढची सुरू करण्याआधी काम सपाट धरून खालच्या दोन ओळींवरून नजर फिरवा, बोटानं नव्हे, डोळ्यांनी. पहिले काही दिवस याला मिनिट लागेल, नंतर तुम्ही ते करताय हेही लक्षात येणार नाही.

मुंढ्यापाशी पोचलात की टाके कमी करायच्या आधीच्या ओळीत आणखी एक दोरा घाला. मुंढ्याचे आणि गळ्याचे घट हा वेगळा विषय आहे. तिथवर आलात की नमुन्यातल्या त्या ओळी मला पाठवा, आपण एकेक करून बघू.